हार्ड ब्रेक तुमचा की कर्वे रोडचा?

पुण्यात कोथरूड-वारज्याच्या कुठल्याही सोसायटीचं पार्किंग बघा, निम्म्या कार आठवडाभर कव्हर घालून उभ्या. ऑफिसला टू-व्हीलर नाहीतर मेट्रो, कार फक्त शनिवार-रविवार. आणि इन्शुरन्सचा हप्ता मात्र रोज हिंजवडीला ये-जा करणाऱ्याएवढाच! हे काही बरोबर नाही, असं विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. जास्त गाडी चालवणाऱ्याने जास्त भरावं, पण तेव्हा किलोमीटर मोजायचे कसे, तर त्याने सुचवलं की इन्शुरन्स टायरच्या किमतीतच घाला, टायर झिजेल तसा हप्ता भरला जाईल. भारी डोकं होतं, १९९६ ला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत बिचारा गेला.

आपल्याकडे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांना परवानगी दिली, किती चालवता त्यावर हप्ता आणि कशी चालवता त्यावर हप्ता. पण ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर, हे एजंट पटकन सांगत नाहीत. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा दर सरकार ठरवतं, २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये, मग गाडी वर्षभर हलवली नाही तरी तेवढेच.

किलोमीटरवाला प्रकार सोपा आहे, ओडोमीटरचा फोटो पाठवायचा, झालं. खरी गंमत दुसऱ्या प्रकारात, जिथे मोबाईलमधलं ॲप तुम्हाला मार्क देतं.

ॲपला ब्रेक मारलेला कळतो कसा? फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाची चिप असते, तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो. पीएमटी बसमध्ये दांडी धरून उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण जसे पुढे झुकतो तसाच तो तुकडा झुकतो, शेजारच्या पट्टीपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याने विद्युत धारिता (वीज साठवायची क्षमता) बदलते आणि चिप ती मोजते. फोन डॅशबोर्डवर आडवा असो की खिशात उलटा, गुरुत्वाकर्षण कायम खालीच ओढत असतं, म्हणून खाली कुठे हे फोनला कळतं, आणि पुढे कुठे हे जीपीएसवरून. त्यामुळे स्पीडब्रेकरचा उभा दणका आणि ब्रेकचा आडवा झटका ॲप बऱ्यापैकी वेगळे काढू शकतं. फोनचं फिरणं मोजणाऱ्या जायरोस्कोप नावाच्या चिपवरून वळणं कळतात, आणि फोन हातात घेऊन फिरवलात तर तेही!

आता हार्ड ब्रेक म्हणजे किती हार्ड? अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह कंपनीचा ठोकताळा असा की एका सेकंदात ताशी ७ मैल, म्हणजे साधारण ११ किमीने वेग उतरला की नोंद झाली. हे गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक तृतीयांश. कोरड्या रस्त्यावर चांगली कार याच्या दुपटीहून जास्त जोरात थांबू शकते, म्हणजे टायर किंचाळायच्या कितीतरी आधी तुमचा मार्क कापला गेलेला असतो.

कर्वे रोडवर याचा हिशोब करून बघू. वेग ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काहीतरी आलं, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, गेले १० मीटर. त्यानंतर नोंद होणार नाही इतक्या हळुवार थांबायचं तर अजून १६ मीटर लागतात. म्हणजे पुढे २६ मीटर मोकळे हवेत. नळस्टॉपला संध्याकाळी सात वाजता २६ मीटर मोकळे ठेवून दाखवा, त्यात चार ॲक्टिव्हा, एक रिक्षा आणि वर एक पीएमटी येऊन बसेल आणि मागचा हॉर्न वाजवून डोकं खाईल ते वेगळंच. माझा मेहुणा एक असं ॲप वापरतो, माणूस इतका सावकाश चालवतो की शेजारी बसणाऱ्याला झोप येते, तरी त्याच्या स्कोअरमध्ये लाल ठिपके सगळे डेक्कन ते कोथरूडच्या पट्ट्यात. एकदा तर तो ऑफिसच्या बसमध्ये मागच्या सीटवर होता आणि ॲपने ती ट्रिपही त्याच्याच नावावर टाकली, मग ‘मी प्रवासी होतो’ असं हाताने सांगत बसा.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर हे अगदीच वेडेपणाचं नाही. जोरात ब्रेक वारंवार लागतो म्हणजे एकतर माणूस पुढच्याला चिकटून चालवतो किंवा रस्ताच धोक्याचा आहे, क्लेम दोन्हीकडून येऊ शकतो. पण मला विचाराल तर रस्त्याची शिक्षा ड्रायव्हरला कशाला? तुलना करायचीच तर कर्वे रोडवाल्याची कर्वे रोडवाल्याशीच करा.

किलोमीटरचंही तसंच, सगळे किलोमीटर सारखे नसतात. एक्स्प्रेसवेचे ९४.५ किमी आणि पेठांमधले ९४.५ किमी यात जमीन-अस्मानाचा फरक, तिकडे सिग्नल नाहीत, टू-व्हीलरना बंदी, त्यामुळे दर किलोमीटरला ठोकाठोकी कमी. पण झाली तर भयानक, कारण वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. आणि कमी चालवणाऱ्यांचे बहुतेक किलोमीटर शहरातलेच असतात, म्हणून त्यांचे दर किलोमीटरमागे क्लेम जास्त निघतात. निम्मी चालवली म्हणून हप्ता निम्मा होत नाही तो यामुळे.

शिवाय पुण्यात उभी गाडी सुरक्षित असते असं कोणी सांगितलं? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सोसायट्यांमधल्या उभ्या कार वाहून नेल्या, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. त्या दिवशी ओडोमीटर तिथल्या तिथेच होता! म्हणून हप्त्याचा एक भाग किलोमीटरशी बांधताच येत नाही, आणि नदी-ओढ्याजवळ राहणाऱ्यांनी थोडे पैसे वाचवायच्या नादात इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे इंजिनात पाणी शिरल्यावर कामाला येणारं जादा कव्हर, काढून टाकू नये.

डेटाचंही बघा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली ब्रेक आणि वेगाची माहिती मध्यस्थ कंपन्यांमार्फत इन्शुरन्सवाल्यांपर्यंत जात होती, २०२४ मध्ये हे बाहेर आलं, हप्ता का वाढला हे काही जणांना तेव्हा कळलं. ॲप टाकताना आपण कशाकशाला ‘अलाऊ’ करतो ते एकदा वाचाच.

घ्यायचाच तर माझं मत किलोमीटरवाल्या प्लॅनच्या बाजूने. फक्त स्लॅब, म्हणजे वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा, निवडताना गावी जाण्या-येण्याचा हिशोब धरा, पुणे-नागपूर जाऊन-येऊन चौदाशेच्या आसपास होतात, म्हणजे २,५०० चा स्लॅब असेल तर एका दिवाळीत निम्म्याहून जास्त उडाला. किलोमीटर संपल्यावर गाडी ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम पूर्ण मिळतो, कापून मिळतो की मिळतच नाही, हे एजंटकडून तोंडी नको, मेलवर लिहून घ्या, आणि जादा किलोमीटरचा टॉप-अप गावाला निघायच्या आधीच मारा.