पार्सलने आलेल्या अंड्यांची घरगुती उबवणी

लांबून मागवलेली फलित अंडी घरच्या लहान इनक्युबेटरमध्ये २१ दिवस उबवून कोंबडीची पिल्ले काढण्याची पद्धत. जवळपास न मिळणारी जात परसात आणण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग असल्याने हौशी कुक्कुटपालकांत ती जगभर रूढ आहे. महाराष्ट्रात तिचे ठळक उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील झाबुआ भागातला कडकनाथ. त्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. तेव्हा तिची अंडी एक तर गावठी कोंबडीखाली सारावी लागतात, नाही तर यंत्रात ठेवावी लागतात.

पिल्ले कमी निघाली की दोष बहुधा यंत्राला दिला जातो. पुष्कळदा अंडी यंत्रात जाण्याआधीच बिघडलेली असतात. अंड्याच्या बोथट टोकाला, कवचाखालच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, हवेची पोकळी असते. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू चोचीने याच पोकळीचा पडदा फोडून पहिला श्वास घेते. गाडीत सतत हादरे बसले की आतला पापुद्रा बाहेरच्यापासून सुटतो आणि पोकळी जागा सोडते. अशा अंड्यामागे अंधारात टॉर्च धरून ते हळूच कलते केले, तर गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखा बुडबुडा सरकताना दिसतो. काही अंड्यांत पोकळी सुटत नाही, पण एका बाजूने खाली ओघळते. तिची कड पेन्सिलने कवचावर आखून ठेवावी, म्हणजे पुढे तुलना करता येते.

दुसरा घाव उष्णतेचा. घातलेल्या अंड्यात बलकावरच्या पांढुरक्या चकतीच्या रूपात गर्भ आधीच असतो आणि साधारण २० अंशांखाली (येथे सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये) त्याची वाढ थांबून राहते. म्हणून उबवणीची अंडी १३ ते १८ अंशांत साठवतात आणि आठवड्याच्या आत यंत्रात ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत पार्सलचा खोका बंद गाडीत तापतो, वाढ अर्धवट सुरू होते, रात्री थबकते आणि गर्भ दगावतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात अंडी मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने बरे.

अंडी आल्यावर ती धुऊ नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओलाव्याबरोबर जंतू आत जातात. निमुळते टोक खाली करून अंडी ट्रेमध्ये १२ ते २४ तास गार जागी ठेवावीत आणि यंत्रातही ती तशीच उभी लावावीत. सुटलेल्या पोकळीची अंडी सुरुवातीला न फिरवता ठेवण्याची रीत आहे. तिच्याबद्दल मतभेद आहेत. पहिल्या आठवड्यात अंडे फिरले नाही तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो, तेव्हा ही विश्रांती दोन-तीन दिवसांपुढे लांबवू नये. त्यानंतर ट्रे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सुमारे ४५ अंशांत कलता करावा. दिवसातून किमान तीनदा.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश, बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या माथ्याशी सुमारे ३८.५ अंश तापमान लागते. थर्माकोलचा खोका, बल्ब, छोटा थर्मोस्टॅट आणि संगणकाचा जुना पंखा एवढ्यावर चालणारी घरगुती पेटी उत्तम काम देते. मात्र स्वस्त डिजिटल मापकाचा आकडा ताप मोजायच्या थर्मामीटरशी ताडून पाहावा. भारनियमनाची भीती वाटते तितकी मोठी नाही: खुडूक कोंबडीही दाणापाण्याला रोज घरटे सोडते, आणि वीज दोन-तीन तास गेली तरी अंडी सहसा वाचतात. थर्मोस्टॅट अडकून पेटी ४० अंशांच्या वर गेली, तर तेवढ्याच वेळात सगळा घाणा हातचा जाऊ शकतो.

आर्द्रता पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के ठेवतात. कोकणात पावसाळ्यात पेटीत पाण्याची वाटी ठेवायची गरजच पडत नाही. आकड्यापेक्षा वजन विश्वासाचे: ५० ग्रॅमचे अंडे आतले पाणी उडून अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास यावे. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात रक्तवाहिन्या आणि हलणारा काळा ठिपका दिसला तर अंडे जिवंत. रक्ताचे नुसते कडे दिसले तर मेलेले. मेलेली अंडी काढून टाकावीत, नाही तर ती कुजून फुटतात.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद करून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात. पोकळी ओघळलेली अंडी या टप्प्यातही उभीच ठेवावीत. त्यांतली काही पिल्ले चुकीच्या जागी चोच मारतात. पहिल्या भोकानंतर बाहेर पडायला १२ ते २४ तास लागू शकतात. त्याआधी मदतीला गेलेल्या हाताने रक्तवाहिनी तुटण्याचा धोका असतो. शेजारून हातात आणलेल्या चांगल्या अंड्यांतून ७५ ते ८५ टक्के पिल्ले निघतात; पार्सलच्या अंड्यांतून निम्मी निघाली तर घाणा चांगला उतरला म्हणावे.

या व्यवहाराची सर्वांत दुर्लक्षित बाजू रोगांची. पुलोरम (पिल्लांची पांढरी हगवण) आणि मायकोप्लाझ्मा (श्वासाचा जुनाट आजार) यांचे जंतू आईकडून अंड्यातच येतात, त्यामुळे मूळ कळप तपासलेला आहे का हे विचारूनच अंडी घ्यावीत. बर्ड फ्लूच्या साथीत बाधित क्षेत्रातून अंड्यांची वाहतूक बंद होते; २००६ मध्ये देशातील पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आली. मरेक या कोंबड्यांना लुळे करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लस मोठ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचली जाते. ती साधारणपणे हजार मात्रांच्या कुपीत येते आणि कुपी उघडल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून घरची पिल्ले बहुधा लसीविनाच वाढतात. आसपासच्या दोन-चार पालकांनी अंडी एकाच दिवशी यंत्रात लावली, तर एक कुपी सगळ्यांत वाटून घेता येते.