रोसो कोर्सा म्हणजे नक्की कुठला लाल?

जुन्या इटालियन गाडीला फॅक्टरीचाच रंग परत द्यायचा म्हटलं की सगळे आधी रंगाचा कोड विचारतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लाल हा इटलीचा रेसचा रंग कसा झाला ते बहुतेकांना माहितीय, ते सोडून देऊ. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचं बोलू, कारण वाद सगळ्यात जास्त त्यांच्यावरूनच होतात.

तेव्हा बॉडी एकाच छताखाली बनत नसे. फेरारीच्या काही बॉडी तुरिनला पिनिनफारिनाकडे, काही मोदेनात स्कालिएत्तीकडे, लॅम्बोर्गिनी मिउराची बॉडी तर बर्तोनेकडे बनून मग सांतागाताला, लॅम्बोर्गिनीच्या कारखान्यात यायची. रंग पुरवणारेही वेगवेगळे आणि प्रत्येकाचे कोड आपापले, त्यामुळे नाव तेच पण डबा दुसरा असं सर्रास व्हायचं. अल्फा रोमिओवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, डिकीच्या झाकणाच्या आतून रंगाचा स्टिकर असायचा, जाल्लो ओक्रा, म्हणजे मातकट पिवळा, असेल तर एआर १०९. पण झाकणच दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल तर तो स्टिकर दुसऱ्याच गाडीची गोष्ट सांगतो.

आता रोसो कोर्सा. शब्दशः अर्थ रेसचा लाल. फेरारीत या एका नावाखाली ३००/६, ३००/९, ३२२ असे कोड येऊन गेलेत, आणि साठच्या दशकातल्या कित्येक लाल फेरारी कागदोपत्री रोसो कियारो आहेत, कोड २०-आर-१९०. कियारो म्हणजे फिका, उजळ. पण बोलताना सगळ्यालाच रोसो कोर्सा म्हणायची सवय लागलीय, मग मालक म्हणतो रोसो कोर्सा मारा, पेंटर हाताशी असलेला ३२२ उघडतो आणि १९६७ च्या गाडीवर तिच्यानंतर कित्येक वर्षांनी आलेला लाल चढतो. फोटोत कळत नाही, पण न रंगवलेली गाडी शेजारी उभी केली की दुपारच्या उन्हात लगेच कळतं. त्यात ऐंशीच्या दशकात भाव चढले तेव्हा लाल लवकर विकतो म्हणून चंदेरी, निळ्या, चॉकलेटी गाड्याही लाल करून टाकल्या, त्या आता परत मूळ रंगावर आणताहेत आणि हे मला मनापासून आवडतं.

खरा वाद पुढे आहे. कोडवरून मिळणारा फॉर्म्युला आणि गाडीवर सापडलेला रंग जुळला नाही तर कुणाचं ऐकायचं? बरेच जण फॉर्म्युल्याच्या बाजूने, कारण तो कागदावर दाखवता येतो. पण त्या काळच्या बऱ्याच गाड्यांवर मूळ रंग नायट्रोसेल्युलोजचा होता, म्हणजे ड्युकोच्या जातीचा (आपल्याकडे फर्निचरला अजून ड्युको मारतात, ते नाव मुळात १९२० च्या दशकातल्या त्याच गाडीच्या रंगाचं). आजचा फॉर्म्युला हे त्याचं नव्या केमिस्ट्रीत केलेलं रूपांतर आहे. युरोपात २००७ पासून गाडी रंगवायच्या मालातल्या सॉल्व्हंटवर मर्यादा आली, पाण्यावरचे बेसकोट आले, मग २०१५ पासून शिशाची क्रोमेट रंगद्रव्यं खास परवानगीशिवाय वापरता येईनाशी झाली, आणि जुन्या लाल-पिवळ्यांचा भरणा त्यांच्यावरच होता. कोड तोच राहिला, आतला माल बदलला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी गाडीचं ऐका.

गाडी सांगते ती लपलेल्या जागी. मागचा दिवा उतरवला की रबराखाली ऊन न लागलेली पट्टी मिळते, डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या ट्रिमखालीही मिळते. तिथे नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवत गेलं की गोल गोल कडी दिसतात, वरचा लाल, मधे कुणीतरी मारलेला प्रायमर, त्याखाली आणखी एक लाल आणि मग फॅक्टरीचा ग्रे प्रायमर. त्या ग्रेला चिकटून असलेलं कडं तुमचं. त्यावर पॉलिश करूनच रंग मोजायच्या मशीनने रीडिंग घ्या, कारण नायट्रो कालांतराने पिवळट पडतो आणि वरची साय मशीनला फसवते.

मशीनवरही सगळं सोडू नका. रंगद्रव्यं वेगळी असली की दोन लाल ट्यूबलाइटखाली जुळतात आणि बाहेर उन्हात वेगळे दिसतात. मेटॅलिकचं तर अजून अवघड, ॲल्युमिनियमचे कण कसे बसतात ते स्प्रे गनचं प्रेशर आणि थिनरवर ठरतं, एकाच डब्यातून दोन ग्रे निघतात. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर पूर्ण हात मारून, वाळवून, तो तुकडा त्या कड्याशेजारी धरायचा, सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी दिव्याखाली एकदा. तिन्ही वेळा शेड बसली तरच गन गाडीकडे वळवायची.