दहावा माणूस: छोटे कारखानदार ईएसआयला का बिचकतात, त्याची पार्श्वभूमी

सध्या कुपवाड एमआयडीसीत जा नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत, चहाच्या टपरीवर छोट्या कारखानदारांचं एकच बोलणं चाललेलं असतं, नवीन कामगार संहिता आल्या, आता ईएसआयचं, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीवर चालणाऱ्या कामगार राज्य विम्याचं, काय होणार. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही संहिता लागू झाल्या हे सगळ्यांनी वाचलंय. पण आठ-नऊ माणसांवर शेड चालवणारा मालक ऑर्डर हातात असताना सुद्धा दहावा माणूस घ्यायला का बिचकतो, हे त्या तारखेवरून कळत नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. ईएसआयचा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत, आणि सगळी मांडणी मोठ्या गिरण्या-कारखाने डोळ्यासमोर ठेवून केलेली. आपल्याकडचा मोठा कामगारवर्ग साखर आणि गुळात, आणि हंगामी कारखाने त्या कायद्याच्या बाहेर, त्यात तर साखर आणि गूळ नावानिशी लिहिलेत. शिवाय योजना देशभर एकदम आली नाही, ज्या भागाची अधिसूचना निघाली तिथं लागू, शेजारच्या गावाची नाही निघाली तर तिथला कामगार तसाच.

खरा गुंता आकड्याचा, म्हणजे किती माणसं झाली की ईएसआय लागतं त्याचा. बरीच वर्षं असं होतं की पॉवरवर चालणारा कारखाना असेल तर १० माणसं, बिगर पॉवरचा असेल तर २०. विट्याच्या यंत्रमागवाल्याला १० आणि हातानं काम करून घेणाऱ्याला २०, कामगाराचं आजारपण मात्र दोघांकडं सारखंच. २०१० च्या दुरुस्तीत कारखान्यांसाठी पॉवरचा फरक गेला, सरसकट १० झालं. दुकानांचं तरी वेगळंच, बहुतेक राज्यांनी दुकानांना पण १० वर आणलं तेव्हा महाराष्ट्रात पुढं बराच काळ २० च राहिलं. म्हणजे कुपवाडात शेड असेल तर एक नियम आणि सांगलीत वखारभागात दुकान असेल तर दुसरा असायचा, हे समजावून सांगताना माझी कितीतरी दुपार गेलीय, कारण मी अशा पंधरा-वीस छोट्या युनिटांचं पगारपत्रक आणि ईएसआयच्या वर्गणीचं चलन बघतो.

आणि मोजायचं कुणाला? मालक म्हणतो माझी नऊच माणसं. मग मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडायचं. नऊ नावं पेनानं लिहिलेली असतात. मग मी विचारतो रात्रीचा वॉचमन? तो ठेकेदाराचा. झाडायला येणाऱ्या मावशी? त्या दोन तास येतात. सुपरवायझर? त्याचा पगार जास्त आहे, त्याला ईएसआय लागत नाही. आणि इथंच सगळे चुकतात. पगार ईएसआयच्या मर्यादेच्या वर असला की त्या माणसाची वर्गणी भरायची नसते, पण डोकी मोजताना तो मोजला जातो. ठेकेदाराचा माणूस आपल्या आवारात आपलंच काम करत असेल तर त्याच्या वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते. असं करत करत नऊचे बारा होतात आणि मालकाचा चेहरा उतरतो.

आता ज्या नियमाची खरी धास्ती आहे तो. २० ऑक्टोबर १९८९ पासून कायद्यात एक पोटकलम आलं, एकदा कायदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी तो लागूच राहणार. हेतू चांगला होता, कारण त्याआधी लोक तपासणी आली की माणसं कमी दाखवायचे आणि कामगार मध्येच लटकायचा. पण छोट्याच्या बाजूनं बघा, दिवाळीच्या ऑर्डरसाठी दोन महिने दोन माणसं जास्त घेतली, दहा झाली, कायदा लागला, मग काम ओसरलं आणि सहाच उरली, तरी त्या सहांचं भरत राहायचं.

या कलमावर पुढं सगळ्यात जास्त वाद झाला तो जुन्या युनिटांवरून. १९८९ च्या आधीपासून चालू असलेल्या आणि नंतर माणसं कमी झालेल्या ठिकाणी हे लागतं का? वरंगलच्या एका सिनेमागृहाचा खटला याच मुद्द्यावर वरपर्यंत गेला. ते १९८१ पासून चालू, सप्टेंबर १९८९ पर्यंत त्यांनी वर्गणी भरली, मग माणसं वीसच्या खाली गेली म्हणून थांबवली. हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं दिलं की कलम मागच्या तारखेनं लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, म्हणालं इथं मागची तारीख हा प्रश्नच येत नाही, कलम आल्यानंतरच्या काळाची मागणी आहे आणि त्या दिवसापासून माणसं कितीही असोत, कायदा लागू राहतो. कामगारांच्या हिताचा कायदा आहे तर त्याचा अर्थ कामगाराकडं झुकूनच लावायचा, असा त्यामागचा विचार. मला तो निकाल कायद्याच्या दृष्टीनं बरोबर वाटतो, पण तेहतीस वर्षं एका छोट्या मालकाला आपल्याला कायदा लागतो की नाही हेच माहीत नसावं, हे मात्र चूक आहे आणि याची दखल कुणी घेत नाही. नवीन सामाजिक सुरक्षा संहितेनं हा नियम काढलेला नाही, आकडा खाली गेला तरी ईएसआयचं प्रकरण लागूच राहील हे तिथंही लिहिलंय.

धास्ती पैशाची पण आहे, पण लोक समजतात त्या पैशाची नाही. १९९७ पासून मालक ४.७५ टक्के आणि कामगार १.७५ टक्के असं होतं, १ जुलै २०१९ पासून ३.२५ आणि ०.७५ झालं. २०,००० पगाराला मालकाचे ९५० चे ६५० झाले, कामगाराचे ३५० चे १५०. महिन्याला हे भरायला कुणाची फारशी ना नसते. मालक मोडतो तो मागच्या बाकीनं. तपासणीत मागची पाच वर्षं निघू शकतात, आणि मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो पण मालकानंच भरायचा. बारा हजार पगाराची दहा माणसं धरा, जुन्या साडेसहा टक्क्यांनी महिन्याचे ७,८०० होतात, पाच वर्षांचे ४,६८,०००, वर १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. दोन लेथवर चालणाऱ्या शेडचा मालक ही रक्कम आणणार कुठून. म्हणून १ जुलै २०२५ ला मागचं न उकरता नोंदणी करून घ्यायची जी स्प्री योजना आली, ती माझ्या मते दर कमी केला त्यापेक्षा मोठी गोष्ट होती.

आणि न भरण्याचा धोका कुणी सांगत नाही म्हणून इथं सांगतो. माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. माणसं नऊच होती, ईएसआय नव्हतं. १९२३ च्या भरपाई कायद्यानं सगळं मालकाच्या अंगावर आलं, मिरजेतला हॉस्पिटलचा खर्च वेगळा, शेवटी त्यानं एक लेथ विकली. ईएसआय असतं तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर राहत नाही, ती योजनेकडं जाते. त्या मालकाच्या मुलानं आता दुसऱ्या ठिकाणी युनिट टाकलंय आणि पहिल्या महिन्यापासून चलन भरतोय.

मधल्या काळात एक दुसरी वाट तयार झाली, ग्रुप मेडिक्लेमची. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन सैल करताना केंद्राच्या सूचनांमध्ये कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा म्हणून लिहून आलं, तेव्हा आठ माणसांच्या मालकांनी पण घाईनं पॉलिसी घेतल्या. पुढं त्यातल्या कितीतरी रिन्यू झाल्या नाहीत, माझ्याकडच्याच सांगतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या नावावरच्या आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच, आणि विमा कायद्यानं सक्तीचा नसेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही, म्हणजे तो आपल्या जीएसटीतून वजा करणंही, मिळत नाही. मालकानं कामगारांसाठी घ्यायचं तर महाग आणि कामगारानं स्वतः घ्यायचं तर स्वस्त, हा उलटा हिशोब मला पटत नाही. कामगार पण विचारतो, फुले योजना आहे की, पगारातून कशाला कापता? त्याला सांगावं लागतं की फुले योजना ॲडमिट झाल्यावरच्या ठरावीक उपचारांची, आजारपणात घरी बसल्यावर ७० टक्के पगार ती देत नाही.

राहिला पगाराच्या मर्यादेचा प्रश्न. मे २०१० ला १५,००० झाली, जानेवारी २०१७ ला २१,०००, आणि मग अडकली. या काळात टर्नर-फिटरचा पगार कुठल्या कुठं गेला, चांगला माणूस चार-पाच वर्षांत मर्यादेच्या बाहेर पडतो. नवीन संहितेत वेतनाची व्याख्या बदललीय, घरभाडं वगैरे भत्ते बाहेर, पण ते निम्म्याच्या वर गेले तर जादा भाग परत वेतनात. जुन्या ईएसआयमध्ये घरभाडं वेतनातच धरायचे, म्हणजे अक्षरशः वाचलं तर बाहेर गेलेली काही माणसं परत आत येतील.

ही मर्यादा जवळून बघायची तर आमच्याकडचा एक टर्नर. पगार २०,८००, आईचे उपचार ईएसआयमधून चालू. मालकानं मार्चपासून हजार रुपये वाढ देतो म्हटलं तर हा म्हणाला नको, मे पासून द्या. त्यानं हिशोब केला होता, वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर, काळ सुरू झाल्यावर पगार वाढला तर सप्टेंबर संपेपर्यंत नाव राहतं, मार्चला किंवा एक एप्रिललाच वाढला तर एप्रिलपासून बाहेर. दोन महिन्यांचे दोन हजार त्यानं सोडले, आणि मे च्या पगारपत्रकात मी २१,८०० टाकले.