अंगरखा एकाचा, आरएनए दुसऱ्याचा

तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणारा टोबॅको मोझॅक विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची काडी. आत सुमारे ६,४०० रासायनिक अक्षरांचा आरएनएचा एकच धागा, आणि त्याभोवती एकाच प्रथिनाचे २,१३० रेणू मळसूत्री आट्यांत बसलेले. या आवरण-प्रथिनात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, १५८.

त्यांचा क्रम कोण ठरवतं? १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले, तेव्हा तो निव्वळ प्रथिनच समजला गेला होता. आतल्या आरएनएचा अधिकार कळायला वीसेक वर्षं गेली.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत फ्रेंकेल-कॉन्रॅट आणि सिंगर यांनी चक्क सरमिसळ केली. विषाणूच्या नेहमीच्या वाणाचं प्रथिन घेतलं, आरएनए मात्र रिबग्रास नावाच्या तणावरच्या वाणाचा. नेहमीच्या वाणाच्या आवरणात हिस्टिडीन आणि मेथिओनीन ही दोन अमिनो आम्लं औषधालाही सापडत नाहीत. रिबग्रास वाणात दोन्ही असतात. हा संकर पानांवर चोळला. पुढच्या पिढीच्या आवरणात दोन्ही आम्लं हजर! अंगावरचं प्रथिन कुणाचंही असो, हुकूम आरएनएचाच. इतका नेटका पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

खरी गंमत पुढे आहे. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, आरएनएचा धागा एका टोकाकडून वाचू लागतो आणि आरएनएच्या नकला काढणारं प्रथिन बनवतो. वाटेत ‘थांबा’ असा संकेत येतो. बहुतेकदा रायबोसोम तिथेच उतरतो, अधूनमधून दामटून पुढे जातो. आवरणाचं जनुक मात्र पार दुसऱ्या टोकाजवळ. तिथवर तो पोचतच नाही.

म्हणून विषाणू आधी आपल्या धाग्याची उलटी प्रत काढून घेतो. तिच्यावर मधूनच सुरुवात करून सुमारे ७०० अक्षरांचा आखूड आरएनए तयार होतो. त्यात आवरणाचं जनुक अगदी तोंडाशी येतं, आणि मग रायबोसोम ते धडाधड वाचतो. हा आखूड निरोप्या १९७६ मध्ये हाती लागला. उशिरा का बनतो, तेही कळतं: नकला काढणारं प्रथिन तयार झाल्याशिवाय तो निघूच शकत नाही.

महाराष्ट्रातल्या पपईच्या बागा पिवळ्या पाडणारा रिंगस्पॉट विषाणू या खटाटोपात पडत नाही. त्याचं जवळपास सगळं काम एका सलग प्रथिनावर चालतं. ते बनलं की विषाणूचीच विकरं त्याचे तुकडे पाडतात. आवरण-प्रथिन हा त्यातला शेवटचा तुकडा. हिशेबाने पाहिलं तर उधळपट्टीच म्हणायची, कारण एका काडीला आवरणाचे दोनेक हजार रेणू लागतात आणि त्या प्रत्येकामागे बाकीची प्रथिनंही बनतच राहतात.