डोळे उघडले, पण भान आलं का?

गोव्यात डोक्याला जबर मार बसलेला रुग्ण बहुधा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळातच न्यावा लागतो, मग तो पेडण्याचा असो की सांग्याचा. दुचाकी घसरलेली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मुलगा विशी-पंचविशीतला. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांच्या तोंडी पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक प्रश्न येतो: हा शुद्धीवर येणार ना? नातेवाइकांतलं कुणीतरी ‘आता काही खरं नाही’ म्हणून मोकळंही होतं. मार लागून झालेल्या इजेत इतक्या लवकर इतकं ठाम काही सांगायला विज्ञानाचा आधार नाही. हे घरोघरी पोचावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला डॉक्टर जो आकडा सांगतात तो ग्लासगो कोमा स्केलचा. १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ही मोजणी आणली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल मिळून ३ ते १५ गुण. आकडा कमी म्हणजे इजा गंभीर, हे खरं. पण घशात व्हेंटिलेटरची नळी असेल तर रुग्ण बोलणार कसा? गुंगीची औषधं चालू असतील, मेंदूला सूज असेल, तर हात तरी कसा हलणार?

दोन-चार आठवड्यांत बरेच रुग्ण डोळे उघडतात. घरच्यांना वाटतं, आला शुद्धीवर! मात्र जागं ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात असते. भान यायला थॅलॅमस हा मेंदूच्या खोलवरचा भाग आणि मेंदूचं बाह्यावरण यांच्यातले दुवे शाबूत लागतात. खालचा भाग सावरला आणि वरचे दुवे तुटलेलेच राहिले, तर माणूस झोपतो, जागा होतो, पण समोर कोण आहे हे त्याला उमगत नाही.

याच्या उलटही घडतं, आणि तेच जास्त चटका लावणारं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधल्या एका अभ्यासात, ज्यांना भान नाही असं डॉक्टरांचं मत झालं होतं त्यांतल्या ४१ टक्के रुग्णांत पद्धतशीर तपासणी केल्यावर भानाच्या खुणा सापडल्या. ही तपासणी महागडी नाही. तिचाच एक भाग म्हणजे हातातला साधा आरसा रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरायचा आणि सावकाश डावीकडे, मग उजवीकडे न्यायचा. पेनामागे न जाणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे मात्र सरकते. हे एकदा करून भागत नाही, कारण अशा रुग्णाचं भान दिवसभरातही कमी-जास्त होतं. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं, असं संशोधक सांगतात.

इथे आपल्याकडचा एक मुद्दा येतो: भाषा. घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत किंवा हिंदीत ‘अंगठा वर कर’ सांगितलं आणि हात हलला नाही, तर ती तपासणी अपुरीच. आईनं घरच्या नावानं हाक मारून ‘बोट हालय रे’ म्हणून पाहायला हवं, डॉक्टर शेजारी उभे असताना.

काहींचा हातच साथ देत नाही. २००६ साली इंग्लंडमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटानं अपघातात जखमी झालेल्या, कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआयमध्ये ‘टेनिस खेळतेस अशी कल्पना कर’ असं सांगितलं. तिच्या मेंदूचा हालचाल आखणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करू न शकणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूनं एमआरआय किंवा ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) असा प्रतिसाद दिला. म्हणजे चारातला एक. त्या खाटेजवळ उभं राहून आपण काय बोलतो, याचा विचार करायलाच हवा.

इजा कशानं झाली यावरही पुष्कळ अवलंबून असतं. कळंगुटच्या समुद्रात बुडताना वाचवलेल्या माणसाच्या मेंदूला प्राणवायू मिळालेला नसतो, त्यामुळे पेशी सर्वदूर मरतात आणि आशा कमी राहते. मार लागलेल्यांचं वेगळं असतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत, दोन आठवड्यांनंतरही भान नसलेल्या ७९ जणांपैकी ६२ जण वर्षभरात भानावर आले. तिथल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१८ मध्येच बजावलं होतं की, पहिल्या २८ दिवसांत ‘आशा नाही’ असं सरसकट सांगू नये. उपचार लवकर थांबवले तर ते भाकीत आपोआप खरं ठरतं, आणि ते चुकीचं होतं का हे कधीच कळत नाही.

पण भान येणं म्हणजे पूर्वीचा मुलगा परत मिळणं नव्हे. त्याच पाहणीत, माहिती उपलब्ध असलेल्या ५६ जणांपैकी १४ जणांनाच वर्षभरात आपण कोण, कुठे आहोत, दिवस कोणता, हे नीट सांगता येऊ लागलं. बाकीच्यांच्या घरी नळीनं भरवणं, कुशीवर वळवणं, फिजिओथेरपी हे पुढेही चालू राहू शकतं, आणि त्याची तयारी आयसीयूत असतानाच डॉक्टरांशी बोलून करावी लागते.