डिफ लॉक नाहीये? मग सगळ्यात कमजोर चाकाकडे बघा

एक चाक घट्ट खडकावर, त्याच ॲक्सलचं दुसरं ओल्या चिखलात गरगर फिरतंय आणि गाडी इंचभरही सरकत नाही. बघणारे म्हणतात सगळी पॉवर चिखलातल्या चाकाला चाललीये. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं नीट कळलं तर डिफ लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय) नसलेली गाडीसुद्धा बऱ्याच ठिकाणांहून बाहेर येते, म्हणून आधी तेच सांगतो.

डिफ म्हणजे डिफरन्शियल, त्याचं पेटंट ओनेसिफोर पेक्योर नावाच्या फ्रेंच माणसाने 1828 मध्ये घेतलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, तर दोघांना आपापल्या स्पीडने फिरू द्यायचं एवढं त्याचं काम. पण साधा म्हणजे ओपन डिफ स्पीड वेगवेगळा देत असला तरी टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच देतो. म्हणजे चिखलातलं चाक जमिनीला जेवढं ढकलू शकतं, खडकावरच्या चाकाच्या वाट्याला तेवढंच येतं.

आकडे मांडून बघू. समजा गाडी 1800 किलोची, फक्त मागची चाकं चालवणारी, प्रत्येक चाकावर 450 किलो. चिखलात घर्षणाचा गुणांक 0.1 धरला तर तिथलं चाक 45 किलोचा जोर लावेल. खडकावर 0.6 धरला तर ते चाक 270 किलोचा लावू शकतं, पण डिफ त्यालाही 45च देतो. झाले एकूण 90. आता चिखलातून गाडी ओढायला तिच्या वजनाच्या 10 टक्के जोर लागतो म्हटलं तरी 180 हवेत, मग इंजिन कितीही दमदार असू दे, गाडी जागची हलणार नाही. ॲक्सिलरेटर दाबून फक्त कमजोर चाक अजून जोरात फिरतं, आणि किती जोरात तर एक चाक थांबलेलं असताना दुसरं दुप्पट स्पीडने फिरतं, म्हणजे गिअरबॉक्सवरून स्पीड मोजणारी गाडी काट्यावर 20 दाखवत असेल तेव्हा ते चाक 40 च्या स्पीडने खड्डा खणत असतं. तेवढ्यात त्याला अचानक दगड लागला तर ॲक्सल शाफ्ट तुटू शकतो.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, इंजिनाकडे बघू नका, सगळ्यात कमजोर चाकाकडे बघा. त्याची पकड 20 किलोने वाढवली की दुसऱ्या चाकाला पण फुकट 20 मिळतात.

सगळ्यात स्वस्त उपाय हवा कमी करणं. टायर जमिनीला साधारण आतल्या हवेच्या दाबानेच दाबतो, म्हणजे 32 पीएसआयला 450 किलो पेलायला साधारण 200 चौरस सेंटीमीटर जमीन लागते, 16 ला 400. प्रत्यक्षात टायरची बाजूची भिंतही थोडं वजन पेलते त्यामुळे एवढा सरळ हिशोब बसत नाही, पण दिशा हीच. खाली वाकून बघितलं तर टायर खालच्या बाजूला फुगलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं ठसा रुंद झाला, खरं तर तो जास्त करून लांबीत वाढतो आणि वाळूत हीच लांबी कामाला येते. वाळूत 16 ते 18 पर्यंत लोक बिनधास्त उतरतात, 12 च्या खाली मात्र साध्या रिमवरून वळताना टायर निसटायची भीती असते. हवा कमी केली की गाडी थोडी खालीही बसते, म्हणजे पोट आधीच जमिनीला टेकलं असेल तर याने काम बिघडतं, तिथे आधी फावडं.

फोर बाय फोर गाडीत जरा वेगळं आहे. पार्ट टाइम सिस्टीममध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते, त्यामुळे अडकायला पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं एकदमच सुटावी लागतात. हे होतं कुठे तर चर तिरका ओलांडताना, समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं हलकी होतात आणि गाडी तिथेच झोके खात उभी. चर तिरका घ्यावा असं बऱ्याचदा शिकवतात, बंपर लांब असेल तर त्याला पर्यायही नसतो, पण ओपन डिफ असेल आणि बंपर घासत नसेल तर मला सरळ जाणंच पटतं, कारण एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम खाली जातात आणि दोन्हींवर वजन राहतं. अँटी रोल बार म्हणजे डाव्या उजव्या चाकांना जोडणारी दांडी सोडता येत असेल तर तीही सोडा, चाकं लवकर जमीन सोडत नाहीत.

आता ब्रेकची युक्ती, जी सगळेच सांगतात. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबायचा, उजव्याने ॲक्सिलरेटर, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि टॉर्क दुसरीकडे जातो. हिशोब करून बघा पण. ब्रेकने 100 किलोचा अडथळा केला तर डिफ दोन्हीकडे 145 देतो हे बरोबर, पण ब्रेक दोन्ही चाकांना लागलाय, तेव्हा खडकावरचं चाक निघायला लागलं की त्याचा स्वतःचा ब्रेक 100 खातो आणि हातात पुन्हा 45च उरतात! कागदावर फायदा शून्य. तरी कधी कधी गाडी निघते, त्याची कारणं वेगळी. डिफच्या आतल्या घर्षणामुळे हळू फिरणाऱ्या चाकाला थोडा जास्त टॉर्क मिळतो आणि एकूण टॉर्क वाढला की हा फरकही वाढतो. शिवाय चाकाचं वेड्यासारखं फिरणं थांबलं की घसरणारा टायर पुन्हा जमिनीला चावतो.

गिअरवाल्या लिमिटेड स्लिप डिफमध्ये (चांगल्या पकडीच्या चाकाला जास्त टॉर्क देणारा डिफ) मात्र हीच युक्ती खरोखर चालते. समजा तो कमजोर बाजूच्या अडीचपट टॉर्क चांगल्या बाजूला देऊ शकतो. चाक हवेत असेल तर शून्याचे अडीचपट शून्यच, पण ब्रेकने 100 चा अडथळा दिला की दुसरीकडे 250 जातात, तिथला ब्रेक 100 खातो, तरी 150 उरतात.

आणि एकाच चाकाला ब्रेक लावता आला तर ओपन डिफ असूनही सगळा हिशोब पलटतो. ट्रॅक्टरला डाव्या उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक पेडल असतात ते वळण्यासाठी तर आहेतच, पण घसरणारं चाक अडवायलाही कामी येतात. गाड्यांमधलं इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल हेच करतं, एबीएसच्या सेन्सरवरून कुठलं चाक जास्त फिरतंय ते बघतं आणि फक्त त्यालाच ब्रेक लावतं. त्यासाठी चाकाला थोडं फिरावं लागतं, म्हणून घाबरून पाय उचलू नका, ॲक्सिलरेटर स्थिर धरा आणि एक दोन सेकंद कटकट आवाज येऊ द्या. बऱ्याच नवीन गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनाची पॉवरच कापतात, तिथे डाव्या पायाची युक्ती विसरा. काही जुन्या फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असतो, तो या कामासाठी ओढू नका, डिफच्या आधीच ब्रेक लागतो म्हणून उपयोगही नाही आणि मोडतोड होईल ती वेगळी.

चिखलात स्टिअरिंग पटापट डावी उजवीकडे थोडं हलवलं की टायरच्या कडेचे खाचे चराच्या भिंतीला पकडतात, याने बरेचदा काम होतं. फोर बाय फोरच्या लो रेंजमध्ये (कमी स्पीड, जास्त जोर) पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरने निघालं तर चाक लगेच सुटत नाही.

वाळूत मात्र चाक फिरायला लागलं की ताबडतोब थांबा. तिथे खरा प्रश्न डिफचा नसतो, वाळूच कातरली जाते. मंगळावरच्या स्पिरिट रोव्हरची चाकं डिफरन्शियलमधून फिरतच नव्हती, सहाही चाकांना आपापली मोटर, तरी 2009 मध्ये तो मऊ मातीत रुतला तो कधीच निघाला नाही. एक चाक आधीच बंद पडलेलं होतं, पण उरलेली पाच फिरत असूनही खालची मातीच आधार देईना.

म्हणून वाळूत थांबलात तर उतरून चारही टायरमागची वाळू फावड्याने काढा, टायरच्या खालपर्यंत हलका उतार करा, म्हणजे चाकाला भिंत चढायला नको, आणि मागे या. मागे येताना आपल्याच चाकोऱ्या वापरा, ती वाळू एकदा दाबली गेलीये. ट्रॅक्शन बोर्ड म्हणजे चाकाखाली घालायच्या पकड देणाऱ्या फळ्या असतील तर ते कमजोर चाकाखाली घाला, घट्ट पकड असलेल्या चाकाखाली घालून काही मिळत नाही. एकदा गाडी हलली की कडक जमीन येईपर्यंत थांबायचं नाही, आणि पक्क्या रस्त्यावर स्पीड घेण्याआधी हवा परत भरा, कमी हवेचा टायर पळवला तर तापून फुटतो.