बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड आणि फुप्फुसाचा कॅन्सर

युरोपात बॉम्बिना नावाचा एक छोटासा बेडूक असतो, पोटावर लाल-केशरी डाग असलेला. इटलीचे व्हिट्टोरिओ एर्स्पामर वर्षानुवर्षं बेडकांच्या कातडीत कुठली रसायनं आहेत ते शोधत होते आणि १९७० च्या आसपास त्यांच्या टीमला या बेडकात १४ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी (म्हणजेच पेप्टाइड) मिळाली, तिचं नाव बॉम्बेसिन. मग काही वर्षांनी डुकराच्या जठरात तिचा भाऊबंद सापडला, जीआरपी, तो २७ अमिनो आम्लांचा. आपल्या शरीरातही जीआरपी असतोच, मज्जासंस्थेतल्या पेशी तो निरोप द्यायला वापरतात म्हणून त्याला न्यूरोपेप्टाइड म्हणायचं.

इथवर सगळं ठीक. पण फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर, जो बहुतेक करून सिगारेट ओढणाऱ्यांना होतो आणि फार झपाट्याने पसरतो, त्याच्या पेशी जीआरपी स्वतःच बनवतात, बाहेर सोडतात, आणि तो पकडणारा रिसेप्टरही त्यांच्याच अंगावर असतो! म्हणजे वाढा म्हणून सांगणारेही तेच आणि ऐकणारेही तेच. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉम्बेसिनला चिकटणारी अँटिबॉडी वापरून बघितली तर उंदरांमधल्या अशा गाठींची वाढ खरंच मंदावली.

आता आत नेमकं काय होतं ते बघा. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर गेलेलं एक लांब प्रोटीन. बाहेरून पेप्टाइड बसलं की त्याचा आकार बदलतो, आतल्या बाजूला असलेलं जीक्यू नावाचं प्रोटीन जागं होतं, ते फॉस्फोलिपेज सी या एन्झाइमला कामाला लावतं, ते एन्झाइम आवरणातल्याच एका लिपिडचे दोन तुकडे करतं, एक तुकडा पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर काढतो आणि दुसरा प्रोटीन कायनेज सी चालू करतो. हे सगळं काही सेकंदांत. पुढे निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि बऱ्याच तासांनी पेशी डीएनएची कॉपी काढायला घेते.

अँटॅगोनिस्ट काय करतो? सोसायटीत आपल्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी लावून निघून जावं, तसं. रिसेप्टरवर जागा अडवायची, पण आत काहीच सांगायचं नाही. मात्र खरं पेप्टाइड भरपूर ओतलं तर ते जागा परत मिळवतं.

लंडनमध्ये एन्रिके रोझेनगुर्ट यांच्या लॅबने ऐंशीच्या दशकात हे उंदराच्या पेशींवर दाखवलं. त्यांनी वापरलेलं रसायन म्हणजे सबस्टन्स पी या ११ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये फेरफार करून बनवलेलं. त्यात काही ठिकाणी नेहमीच्या एल रूपाऐवजी आरशातलं डी रूप घातलेलं, जे शरीरातल्या एन्झाइमना सहज तोडता येत नाही. बॉम्बेसिनने होणारी वाढ थांबली, पण पीडीजीएफ या वेगळ्या वाटेने जाणाऱ्या ग्रोथ फॅक्टरने होणारी थांबली नाही. मला या सगळ्यात हा भाग सगळ्यात पटण्यासारखा वाटतो, कारण पेशी नुसत्या विषाने मेल्या असत्या तर दोन्हीकडची वाढ थांबली असती.

अडचण पुढे आली. या कॅन्सरच्या पेशी एकट्या जीआरपीवर जगत नाहीत, व्हॅसोप्रेसिन, ब्रॅडिकायनिन, कोलेसिस्टोकायनिन अशी बरीच पेप्टाइडं त्यांना चालतात, त्यामुळे एकच रिसेप्टर अडवून भागत नाही. सबस्टन्स पी वरून बनवलेली ही रसायनं बरेच रिसेप्टर एकदम अडवायची म्हणून त्यांच्याकडून मोठी आशा होती. पण १९९८ मध्ये कळलं की यातलं एक रसायन नुसतं अडवत नाही! जीक्यूची वाट बंद करतं आणि त्याच रिसेप्टरमधून दुसरी एक वाट चालू करतं, आणि ती वाट पेशीला मरणाकडे नेऊ शकते. अँटॅगोनिस्ट म्हणून आणलेलं औषध अर्धं अॅगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर चालू करणारं, निघालं. अँटॅगोनिस्ट जी नावाचं यांच्यातलंच एक रसायन ब्रिटनमध्ये पेशंटवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं, पण कॅन्सरचं औषध म्हणून बाजारात आलं नाही. (सबस्टन्स पी चा रिसेप्टर अडवणारं अॅप्रेपिटंट मात्र २००३ पासून मिळतं, तेही केमोची उलटी थांबवायला, गाठ थांबवायला नाही.)

सध्या जीआरपीच्या अँटॅगोनिस्टना वेगळंच काम मिळालंय. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर हा रिसेप्टर बऱ्याचदा भरपूर असतो, म्हणून अँटॅगोनिस्टला रेडिओअॅक्टिव्ह गॅलियम जोडून पेट स्कॅनमध्ये गाठ शोधण्यावर काम चालू आहे. यासाठी आधी अॅगोनिस्ट वापरायचे, कारण पेशी ते आत ओढून घेते म्हणजे गाठीत टिकतील असा हिशोब होता, पण त्यांनी पोट बिघडायचं. अँटॅगोनिस्ट बाहेरच बसून राहतात, पोटाला त्रास देत नाहीत, आणि गंमत म्हणजे स्कॅनमध्ये गाठ जास्त स्पष्ट दिसते ती त्यांच्यामुळेच.